मुकी पेटी

४ फेब्रुवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र्याचं काम करणाऱ्या बाईला शेवटी पत्रं लिहायला लावलीस.

तुझी ठेंगणी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमधून परत आणली. हवेची पेटी तडकली आहे. तळाला बोट जाईल एवढी भेग, आणि त्या भेगेतून धूळ ओढून इंजिन खोकत होतं. तिथला साहेब म्हणाला, "या मॉडेलची पेटी आता बनत नाही, मॅडम. दोन सीटांच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या नादाला कशाला लागता? हिचं आयुष्य झालं." मी विचारलं, पेटी म्हणजे काय हो? हवा आत घेणारा डबा, त्यात एक फिल्टर, आणि पुढे इंजिनाकडे जाणारी नळी. एवढंच ना? तो नुसता हसला. मामा, हवेला वाट करून देणं हाच माझा धंदा आहे. डक्ट, म्हणजे हवेचे पत्र्याचे बोगदे, बनवून बनवून मी आख्ख्या इमारतींना श्वास घ्यायला लावते, आणि या टीचभर गाडीला मला नाक बसवता येणार नाही?

घरी येते तोवर बंधुराजांचा निरोप हजर. तुझ्या चिरंजीवांनी म्हणे गिऱ्हाईक शोधलंय, गाडी सुटी करून तिचे भाग विकणारं. "किल्ली त्याला देऊन टाक, बाबांना मी समजावतो." किल्ली मी माझ्या जेवणाच्या डब्यात टाकली आहे, आणि डबा मी कुणाच्या हातात देत नाही. गाडी आमच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये उभी आहे. मालकांना सांगून टाकलं, माझ्या मामाची आहे, हलणार नाही. ते काय बोलणार? माझ्यासारखा डक्टचा गोल बेंड त्यांना दुसरं कुणी काढून देत नाही.

पेटी मी बनवणार. तू इंजिनाच्या कारखान्यात चाचणीच्या खोलीत उभा जन्म काढलास, तेव्हा काय काय सांभाळायचं ते लिही. आणि एका शब्दात सांग, विकायची का ठेवायची?

तुझी भाची

११ फेब्रुवारी

चि. भाचीस आशीर्वाद.

एका शब्दात विचारलंस, दोन शब्दांत सांगतो. विकायची नाही. मी मेल्यावर तिचा डबा करा नाहीतर फुलदाणी. तोवर तिला कुणी पाना लावायचा नाही, तुझ्याशिवाय.

फोनमध्ये हल्ली खरखर फार येते. पत्रच बरं, पत्रात कुणी कुणाला मध्येच तोडत नाही.

आता कामाचं. पेटीच्या पुढे नळीत एक सेन्सर बसतो, किती हवा आत गेली ते मोजणारा. तो बसतो तेवढा नळीचा तुकडा जुनाच वापर. तुम्हा डक्टवाल्यांना सगळं रुंद करायची खोड असते. तिथे रुंद केलंस तर हवा संथ होईल, सेन्सरला वाटेल हवा थोडीच आली, आणि तो पेट्रोलही थोडंच सोडायला लावेल. इंजिन उपाशीपोटी धावेल आणि तापेल. दुसरं, पेटीचं तोंड गार हवेत ठेव. रेडिएटरमागची हवा घेऊ नको, ती उष्टी हवा. तिसरं, फिल्टर कागदाचाच घाल, बाजारातले चकचकीत नकोत.

चिरंजीव म्हणतो गाडी फार ओरडते, आख्खी गल्ली खिडकीत येते. येऊ दे. तिकिटं लावली नाहीत मी.

आणि हो, पेटी बसली की गाडी थरथरते किती, ते नीट बघून कळव. विसरू नको.

मामा

२ मार्च

ती. मामा,

झाली! नाक बसलं!

आधी पुठ्ठ्याची करून पाहिली. इंजिनाच्या कोपऱ्यात जागा एवढीशी, की पुठ्ठा कापता कापता माझ्या बोटांच्या चिंध्या झाल्या. पहिलं तोंड मी शहाणीने नेमकं रेडिएटरमागेच काढलं, कारण तिथे जागा होती. तुझं पत्र समोर चिकटवलेलं असूनसुद्धा! थर्मामीटर आत ठेवून कारखान्याला एक फेरी मारली, तर आतली हवा भट्टीसारखी. तेव्हा तोंड वळवून डाव्या दिव्यामागे नेलं. आता बाहेरची गार हवा सरळ आत येते. ॲल्युमिनियमचा पत्रा, बेंड एकही काटकोनात नाही, सांधे सगळे हवेच्या दिशेने. पेटीत धूर सोडून पाहिला, कुठून एक धागासुद्धा बाहेर आला नाही. सेन्सरची नळी जुनीच आहे, डोळे वटारू नकोस.

आणि आता मुख्य गंमत. दवाखान्यांसाठी आम्ही डक्ट करतो ना, तिथे रुग्णाला पंख्याची घरघर ऐकू येता कामा नये. तीच करामत तुझ्या पेटीवर केली. आतून फेल्टचं, दाबलेल्या लोकरीचं, अस्तर, चारही पायांखाली रबरी बुशच्या गाद्या, नळीच्या सांध्यावर रबराचा पट्टा. मालक शेजारी येऊन उभे राहिले आणि विचारतात, "चालू कधी करणार?" मी म्हटलं, चालूच आहे. त्यांचा चेहरा बघायला तू हवा होतास.

थरथर विचारली होतीस ना? शून्य! गिअरच्या दांड्यावर पाण्याचा पेला ठेव, थेंब सांडायचा नाही. आता बंधुराजांना बोलायला जागाच ठेवली नाही मी. गल्लीला कळणारसुद्धा नाही तू गेलास कधी आणि आलास कधी.

येत्या रविवारी ये. कारखान्यामागचा रस्ता रविवारी मोकळा असतो. तुझी गाडी तू चालवून बघ.

तुझी (नाक उंच झालेली) भाची

७ मार्च

चि. भाचीस आशीर्वाद.

शून्य म्हणतेस. बरं.

काम झकास झालं असणार, तुझा हात मला माहीत आहे. रविवारी सकाळच्या बसने येतो. चिरंजीवाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नको.

मामा

१८ मार्च

मामा,

नमस्कार वगैरे नंतर. मी चिडले आहे.

रविवारी तू गाडीत बसलास, दार लावलंस आणि माझ्याकडे बघून डोळा मारलास, तेव्हा मला वाटलं याच क्षणासाठी मी बोटं फाडून घेतली. मग तू निघालास. दुसऱ्या गिअरमध्ये गेलास आणि दुसऱ्यातच राहिलास. इंजिन जीव खाऊन किंचाळत होतं. अस्तर असून किंचाळत होतं, म्हणजे विचार कर. मी शेजारी बसून ओरडते आहे, "मामा, गिअर बदल, अरे बदल की!" आणि तू समोर बघून गालातल्या गालात हसतो आहेस. मला वाटलं मुद्दाम चिडवतोयस. वळणावर उलटं, तिसऱ्यातच ठेवून इंजिन बंद पाडलंस. एकदा, दोनदा. मग क्लच असा सोडलास की ठेंगणी उडी मारून आमच्या तयार डक्टच्या थप्पीवर जाऊन आपटली. उजवा दिवा गेला. डक्टचे दोन तुकडे चेपले, ते मी पुन्हा ठोकले, त्याचं काही नाही.

तू खाली उतरलास. मी पाठीमागून म्हटलं, "लागलं का रे?" तू वळला नाहीस. पुन्हा म्हटलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग मलाही कळलं. तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि बसस्टॉपकडे चालू लागलास.

फोनमध्ये खरखर येते म्हणे! मामा, तुला किती दिवस ऐकू येत नाही? आणि मला का सांगितलं नाहीस? साऱ्या जगाने हिच्यावर फुली मारली तेव्हा मी एकटी तुझ्या बाजूने उभी राहिले, आणि मलाच अंधारात ठेवलंस? उत्तर दे. लगेच.

भाची

२५ मार्च

प्रिय ताई,

बाबांनी तुझं पत्र वाचलं आणि उशीखाली ठेवलं. लिहायला बसत नाहीत, म्हणून मी लिहितो.

बाबांना गेल्या वर्षापासून अजिबात ऐकू येत नाही. कानाचं यंत्र आणलं होतं, ते टेबलाच्या खणात पडलं आहे, त्याचा आता उपयोग नाही असं डॉक्टरच म्हणाले. नातेवाइकांत कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. म्हणून मी तुला नुसतं "गाडी विकून टाक" एवढंच म्हणत राहिलो आणि तुझ्या डोळ्यांत खलनायक झालो. असू दे.

मी विम्याच्या कचेरीत आहे. माझ्या टेबलावर रोज अपघातांचे फोटो येतात. त्या फोटोंमध्ये मला एक दिवस ती पिवळी गाडी बघायची नाही. तू खूप मेहनत घेतलीस, मला कळतं. पण बाबांना मागून आलेला हॉर्न ऐकू येत नाही, स्वतःचं इंजिन ऐकू येत नाही. त्या रविवारी दिव्यावर निभावलं. मला बाप हवा आहे, ताई, गाडी नको.

ते गिऱ्हाईक दहा तारखेला तुझ्या कारखान्यावर येईल. किल्ली त्याला दे. तुझ्या पाया पडतो.

तुझा भाऊ

२८ मार्च

चि. बंधुराज,

पाया पडू नकोस, वयाने मोठी असले तरी तेवढी म्हातारी झाले नाही. आणि किल्ली मिळणार नाही.

तुला खलनायक म्हणत होते हे खरं. आता म्हणत नाही, तू घाबरला आहेस. घाबरायचा तुला हक्क आहे. पण दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, हे काही मी होऊ देणार नाही. अपघाताचे फोटो तू बघतोस. बिघाड मी शोधते. माझा सरळ प्रश्न आहे, त्याचं उत्तर दे. मामाला वर्षभर ऐकू येत नाही म्हणतोस. त्या वर्षभर जुन्या पेटीवर त्याने ठेंगणी चालवलीच ना? बाजारात नेली, घाटात नेली, माझ्या आईला दवाखान्यात नेलं आणलं. कुठे आपटली? एक ओरखडा दाखव. मग माझी पेटी बसवली आणि पहिल्याच रविवारी आपटली. मामाचे कान तेच, हात तेच, रस्ता तर मोकळा. बदललं काय? पेटी. म्हणजे बिघाड मामात नाही, माझ्या कामात आहे. तो काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण आमच्या धंद्यात एक नियम आहे: हवा पोचली नाही तर खोलीला दोष द्यायचा नाही, डक्ट उघडायचा.

परवान्याच्या कचेरीत जाऊन आले. ऐकू न येणाऱ्याला गाडी चालवायची बंदी नाही. रस्त्यावरची परीक्षा द्यायची, दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावायचे, इतकंच. हॉर्नचं काम आरसे करतात. तारीख घेतली आहे, वीस मे. नापास झाला तर किल्ली मी स्वतः तुझ्या हातात आणून देईन. त्याआधी तुझं ते गिऱ्हाईक इथे फिरकलं तर त्याचेच भाग सुटे करीन.

हे पत्र मामाला वाचायला दे. लपवालपवी पुरे झाली.

ताई

५ एप्रिल

चि. भाचीस आशीर्वाद.

चिरंजीवाने तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि खोलीबाहेर गेला. मी दोनदा वाचलं. बिघाड तू बरोबर ठिकाणी शोधते आहेस. आता तो काय आहे ते मी सांगतो.

आमच्या चाचणीच्या खोलीत आवाज इतका, की सगळ्यांच्या कानांवर जाड झाकणं. तिथे कानाने कुणीच काम केलं नाही. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला डोळे मिटून इंजिनाच्या चौकटीवर पंजा टेकवायला लावायचो. इंजिनाचे फेरे वाढले की थरथर बदलते. त्यावरून किती फेरे झाले ते सांगता आलं की तो आमचा. मी तर शेजारच्या खोलीच्या भिंतीला हात लावून पलीकडे कोणतं इंजिन लागलंय ते सांगायचो. लोक पैजा लावायचे.

ठेंगणीची जुनी पेटी इंजिन आणि आपण यांच्यामधल्या पत्र्याला थेट आवळलेली होती. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन भरात आलं की गिअरच्या दांड्याच्या बोंडाला, वरच्या मुठीला, मुंग्या यायच्या. मुंग्या आल्या की तिसरा टाकायचा. मुंग्या पार विझल्या की परत दुसरा. कान गेले ते गेले, या मुंग्यांवर माझं छान चाललं होतं. तू रबर घातलंस, फेल्ट घातलं, आणि माझ्या मुंग्याच मारून टाकल्यास. रविवारी बोंड हातात धरलं तर मेलेल्या माणसाचा हात धरल्यासारखं वाटलं. फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे बघायचं सुचलं नाही, चाळीस वर्षांत कधी बघितला नाही. हसत होतो म्हणतेस. लाजेने हसत होतो.

तुला सांगितलं का नाही? ऐक. माणूस बहिरा झाला म्हटलं की लोक दोन गोष्टी करतात. एक तर ओरडतात, नाहीतर बोलणंच सोडून देतात. सूनबाई ओरडते, चिरंजीव गप्प बसतो. तुझी पत्रं मात्र पूर्वीसारखीच येत होती, भांडखोर. ती तशीच यायला हवी होती मला.

वीस मेला नापास झालो तर किल्ली देईन म्हणून लिहून बसलीस. न विचारता! शाबास. परीक्षेच्या अर्जावर सही करून पाठवतो आहे. बाकी तुझं तू बघ.

मामा

२ मे

ती. मामा,

साष्टांग नमस्कार, आणि हे पत्र भांडखोरच आहे, काळजी नको. कारण थरथर विचारलीस तेव्हा "मला थरथर हवी" असे तीन शब्द लिहिले असतेस तर तुझा दिवा वाचला असता.

सगळं फेल्ट उपटलं. रबर काढून पेटी मधल्या पत्र्याला बोल्टने थेट आवळली. बसून पाहिलं तर सगळी गाडी सारखी थरथरते, सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत. सारखी थरथर म्हणजे सारखी बडबड, त्यातून कळत काहीच नाही. तुला हवी होती ती वेळेवरची मुंगी. तेव्हा मला माझं पहिलं वर्ष आठवलं. डक्टच्या सपाट पत्र्यावर आम्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखी हलकी घडी पाडतो. ती नसली की हवा एका ठरावीक वेगाला पोचली रे पोचली, पत्रा डफासारखा वाजायला लागतो. शिकाऊ असताना माझा एक पत्रा फुलीशिवाय गेला होता, मालकांनी तो सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर वाजवून दाखवला होता.

तोच पत्रा केला, मामा. पेटीच्या तीन बाजूंना फुली पाडून त्यांना गप्प केलं. चौथी बाजू पातळ पत्र्याची, फुलीशिवाय. पहिला पत्रा फार लवकर वाजला, दुसरा वाजलाच नाही. मग पहिल्याच्या मापापासून थोडा थोडा लहान करत गेले. कानात कापूस, वरून कारखान्यातली झाकणं, आणि तळहात बोंडावर, असं मीच गाडी घेऊन तो रस्ता झिजवला. पेटीपासून दांड्याच्या बुडापर्यंत एक पोलादी पट्टी आवळली आहे. आता दुसऱ्यात इंजिन भरात आलं की बोंडाला मुंग्या येतात. आधी नाही, नंतर नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन रडले. तू वर्षभर कसा एकटा चालवत होतास ते मला त्या झाकणांच्या आत बसून कळलं.

मालकांनी बॉनेट उघडं पाहिलं, टिचकी मारली आणि खेकसले, "फुली कुठे आहे? असलं काम कुणी केलं?" मी म्हटलं, मी केलं, आणि मुद्दाम केलं. आवाज मोजून घेतला आहे. नियमात बसते, अगदी काठावर. गल्ली खिडकीत येणार, नाइलाज आहे.

आरसे लावले, दिवा लावला, येत्या रविवारी गाडी तुझ्या दारात आणून सोडते. बंधुराजांना म्हणावं परीक्षेच्या आधी एकदा शेजारी बसून बघ. घोडामैदान जवळ आहे.

तुझी भाची

२१ मे

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

पास.

परीक्षक तरुण होता, चेहऱ्यावरची माशी हलू न देणारा. काय करायचं ते हाताने दाखवत होता. चढावर थांबवलं, उतारावर थांबवलं, गर्दीच्या चौकातून नेलं. तुझ्या मुंग्या एकदाही चुकल्या नाहीत. आरशात मागची रुग्णवाहिका त्याच्याआधी मला दिसली, मी बाजूला घेतली, तेव्हा कुठे त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. शेवटी त्याने तो कागद माझ्यापुढे धरला. खाली लिहिलं होतं, "गाडी फार आवाज करते." मी त्याच्याच पेनाने खाली लिहिलं, "असेल. मला काय माहीत?" तेव्हा तो हसला.

त्याच्या आदल्या दिवशी चिरंजीव शेजारी बसायला आला, पट्टा असा आवळून की जणू विमानात बसतोय. मी त्याला कानांत कापूस घालायला लावलं. मग त्याचा हात धरला आणि बोंडावर ठेवला, वर माझा. लहानपणी त्याला असंच पेन्सिल धरायला शिकवलं होतं. मुंग्या आल्या. त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं. मी तिसरा टाकला. मुंग्या थांबल्या. पुढचा सगळा रस्ता त्याने हात काढला नाही. घरी आल्यावर पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, "गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं." आणि त्याखाली आणखी काय काय लिहीत बसला. वर्षभराचं साठलं होतं बहुतेक. आता रोज जेवताना पाटी घेऊन बसतो, भाजी गार होते.

तुझ्या त्या पत्र्याचे बोल्ट अधूनमधून ढिले होणार, थरथरणाऱ्या वस्तूचा तो धर्मच आहे. ते आवळायला मी तुझ्याकडेच येणार. स्वतः चालवत. कधी येतो ते आधी कळवणार नाही, फोन मला करता येत नाही आणि पत्रापेक्षा ठेंगणी लवकर पोचते.

तू शेडचं दार उघडं ठेव. मला कुणी ऐकू येत नसलं तरी मी तुम्हा सगळ्यांना लांबून ऐकू येईन.

मामा